प्लाया देल कार्मेनची वडाप: कोलेक्तिवो व्हॅनचं परीक्षण

पांढरी टोयोटा हायएस किंवा निसान उर्वान, दाराशी उभा माणूस ‘तुलूम, तुलूम’ असं पुकारतोय, गाडी भरली की निघणार, वाटेत हात केला की थांबणार, पैसे उतरताना. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ही सरळ सरळ वडाप. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तिला कोलेक्तिवो म्हणतात, आणि इथे ती लपूनछपून चालत नाही. ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं, ठरलेला थांबा. प्लाया देल कार्मेनमध्ये चार-पाच दिवस मुक्काम असलेल्या पाहुण्यासाठी दक्षिणेकडच्या तुलूम गावाच्या दिशेची कोलेक्तिवो ही या गावातली सगळ्यात कामाची सेवा आहे, असं आमचं ठाम मत आहे. पण तिच्या काही सवयी आहेत. त्या कळल्या नाहीत तर भर उन्हात हायवेच्या कडेला तासभर उभं राहावं लागतं.

हे परीक्षण विशेषतः अमेरिकेतून येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या उपयोगी पडावं. ह्यूस्टन-डॅलसकडून इथलं विमानतळ असलेल्या कॅनकूनचं विमान दोन-तीन तासांचं, त्यामुळे थँक्सगिव्हिंगला आणि नाताळात इकडे बरीच आपली मंडळी येतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. त्यातले बहुतेक जण कॅनकूनच्या हॉटेल झोनमधून किंवा एखाद्या खाण्यापिण्यासकट सगळं एकाच पैशात देणाऱ्या रिसॉर्टमधून बाहेरच पडत नाहीत. पडले तर ते टूर कंपनीच्या बसमधून, माणशी भरभक्कम डॉलर मोजून. त्या टूरमध्ये जी ठिकाणं दाखवतात, त्यातली बरीचशी एका सरळ रस्त्यावर आहेत. तो रस्ता म्हणजे ३०७ क्रमांकाचा महामार्ग, आणि कोलेक्तिवो दिवसभर त्याच रस्त्यावर वर-खाली करत असते.

गाडी कुठे मिळते

प्लायाचे रस्ते वहीच्या चौकटीसारखे आखलेले आहेत, आणि ती आखणी एकदा समजली की नकाशाची गरज फारशी उरत नाही. समुद्राला समांतर जातात त्या ‘आव्हेनिदा’. त्यांचे क्रमांक पाचाच्या पटीत: ५, १०, १५, २०. समुद्रापासून जितकं आत जाल तितका आकडा मोठा. समुद्राकडून आत जातात त्या ‘काये’. उत्तरेकडच्या कायेंचे आकडे सम (२, ४, ६), दक्षिणेकडच्यांचे विषम. मधली रेघ म्हणजे हुआरेस मार्ग. पर्यटकांची गर्दी असते तो पायी चालायचा रस्ता, किंता आव्हेनिदा, म्हणजे याच हिशेबातली पाचवी आव्हेनिदा.

तुलूमच्या कोलेक्तिवो उत्तरेकडच्या काये २ वर, आव्हेनिदा १५ आणि २० यांच्या मध्ये लागतात. एडीओ या बस कंपनीच्या किंता आव्हेनिदावरच्या स्थानकातून निघालात तर समुद्राकडे पाठ करून हुआरेसवरून चाला, १० ओलांडा, १५ ला उजवीकडे वळा, एक चौक पुढे काये २. पाच-सात मिनिटांत पोचाल. कॅनकूनच्या व्हॅनही याच भागातून सुटतात, त्यामुळे समोर दिसली त्या गाडीत चढू नका. काचेवरची पाटी वाचा आणि दाराशी एकदा विचारा: ‘तुलूम?’

वेळापत्रक नाही. चौदा-पंधरा माणसं झाली की गाडी हलते. सकाळी सात ते दहा या वेळात दहा मिनिटांच्या वर क्वचितच थांबावं लागतं, कारण पुढच्या रिसॉर्टांमध्ये कामाला जाणारे लोक याच गाड्या भरतात. हे ध्यानात असू द्या. ही पर्यटकांसाठी काढलेली सेवा नाही. हॉटेलात खोल्या आवरणारे, स्वयंपाकी, माळी, सुरक्षारक्षक यांची ही रोजची गाडी आहे. त्यांना हजेरी गाठायची असते. दारात उभं राहून ‘आपण सगळे एकत्र बसू का’ ही चर्चा करू नका. जिथे जागा मिळेल तिथे बसा. पाच जणांचं कुटुंब असेल तर तीन आणि दोन असं विभागायची मनाची तयारी आधीच ठेवा.

भाडं, सुटे आणि दोन निळ्या नोटा

तुलूमपर्यंत माणशी साधारण ५० ते ६० पेसो, वाटेतल्या आकुमालपर्यंत त्याहून थोडे कमी. अधूनमधून दोन-पाच पेसोंनी वाढतं, तेव्हा निघण्याच्या जागी विचारून घ्या: ‘क्वांतो एस?’ एका पेसोचे साधारण पाच रुपये धरले तर ६४ किलोमीटरचा तासाभराचा प्रवास तीनशे रुपयांच्या आसपास होतो. चौघांचं जाणं-येणं जास्तीत जास्त ४८० पेसो. टॅक्सीने याच रस्त्यावर तेवढ्यात एका बाजूचाही प्रवास होत नाही. प्लायाच्या टॅक्सीला मीटर नाही, भाडं आधी ठरवावं लागतं.

पैसे रोख आणि पेसोतच. कार्ड चालत नाही. डॉलर कुणी घेतलेच तरी चालक स्वतःच्या सोयीच्या दराने घेईल. इथे एक गोंधळ कायमचा आहे: पेसोचं चिन्ह आणि डॉलरचं चिन्ह एकच. दुकानात ‘१२०’ च्या आधी ते चिन्ह दिसलं की अमेरिकेतून आलेला माणूस दचकतो. बहुतेक ठिकाणी तो आकडा पेसोतलाच असतो. मात्र किंता आव्हेनिदावरच्या टूर-टपऱ्यांवर आणि बीच क्लबांत तो डॉलरमधला असू शकतो, तेव्हा तिथे विचारूनच घ्यावं.

आता नोटा. २० पेसोंची जुनी नोट निळी आणि तिच्यावर बेनितो हुआरेस. २०१८ साली आलेली ५०० पेसोंची नोटही निळी आणि तिच्यावरही बेनितो हुआरेस. व्हॅनमधल्या अंधारात, खांद्यावर टॉवेल आणि मागे चार माणसं उतरायला खोळंबलेली असताना २० च्या जागी ५०० दिली जाणं अगदी सोपं आहे. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. २० ची नोट प्लास्टिकची, गुळगुळीत. ५०० ची कागदी, जरा खरखरीत आणि आकारानेही मोठी. नवी २० हिरवी आहे, तिच्यात हा धोका नाही. सगळ्यात बरं म्हणजे ५०० च्या नोटा खिशातच ठेवू नयेत. आदल्या संध्याकाळी एखाद्या मोठ्या किराणा दुकानातून पाण्याच्या बाटल्या घेऊन मोडून आणाव्यात. ५० ची जांभळट नोट, जिच्यावर आशोलोत हा पाण्यातला सरड्यासारखा जीव आहे, ती कोलेक्तिवोसाठी सर्वात सोयीची.

पेसो काढायचे ते बँकेच्या शाखेतल्या एटीएममधून. रस्त्यावर सुटी उभी असलेली यंत्रं, विशेषतः डॉलर देणारी, टाळा. बँकेच्या यंत्रातही शेवटी एक पडदा येतो: ‘आम्ही तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का?’ तिथे नकार द्या. नकार दिला तरी पैसे येतात, फक्त दर तुमच्या स्वतःच्या बँकेचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच बरा असतो. होकार दिलात तर यंत्रवाल्याने ठरवलेला महागडा दर लागतो.

चढणं आणि उतरणं

चढताना चालकाला किंवा दारावरच्या माणसाला ठिकाणाचं नाव सांगा. उच्चार थोडे वेगळे आहेत. माया, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या नावांत रोमन लिपीतला एक्स दिसला की बहुतेक वेळा ‘श’ म्हणायचा: इश्कारेत, इश्पू-हा. ‘पारा एन आकुमाल?’ म्हणजे आकुमालला थांबते का. उतरायची जागा आली की ‘आकी बाहो, पोर फावोर’, इथे उतरतो. मोठ्याने म्हणा, कारण संगीत चालू असतं. संकोचून पुटपुटलात तर गाडी ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाने पुढे निघून जाईल आणि एक किलोमीटर उलटं चालत यावं लागेल.

चालक थांब्यांची नावं पुकारत नाही. फोनमध्ये आधीच नकाशा उतरवून ठेवा आणि स्वतःचा निळा ठिपका बघत बसा. ठिकाण साधारण अर्धा किलोमीटरवर आलं की सांगायचं. ऐनवेळी सांगितलं तर चालकाला जोरात ब्रेक मारावा लागतो आणि मागून ट्रक येत असतो.

मधल्या ठिकाणाहून गाडी पकडायची तर हायवेच्या कडेला, गाडीला बाजूला घेता येईल अशा रुंद जागी उभं राहा आणि हात आडवा करा. येणाऱ्या व्हॅनने दिवे मिचकावले म्हणजे जागा आहे, तुम्हाला यायचंय का असं विचारतोय. न थांबता गेली म्हणजे भरलेली आहे. रागावू नका, मागून दुसरी येतेच.

जाताना सेनोते, येताना किनारा

या सेवेबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती टूरवाले सांगणार नाहीत, कारण त्यांना तिची गरजच पडत नाही.

मेक्सिकोत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. प्लायाहून तुलूमकडे, म्हणजे दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे असतो आणि जंगल उजवीकडे. व्हॅन तुम्हाला उजव्या कडेला उतरवते. सेनोते, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली गोड्या पाण्याची कुंडं, या पट्ट्यात बहुतेक जंगलाच्या बाजूला आहेत. म्हणजे जाताना सेनोतेला उतरलात तर रस्ता ओलांडावाच लागत नाही. समुद्रकिनारे उलट्या बाजूला. तुलूमहून परत येताना ते तुमच्या उजव्या हाताला येतात, आणि व्हॅन तुम्हाला थेट किनाऱ्याच्या फाट्यावर उतरवते. परतीची गाडीही त्याच कडेवरून मिळते.

३०७ हा दुभाजक असलेला वेगवान महामार्ग आहे. भारतातून आलेल्या माणसाची मान सवयीने आधी उजवीकडे वळते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. हा एकच चुकलेला क्षण जिवावर बेतू शकतो. मुलं बरोबर असतील तर दिवसाचा क्रम असा लावा की ओलांडणं कमीत कमी वेळा येईल. जिथे पादचारी पूल आहे तिथे दोनशे मीटर जास्त चालावं लागलं तरी पुलावरूनच जा.

प्रत्येक वेळी उतरून पुन्हा चढलात की नवं भाडं, पण टप्पा छोटा म्हणून तेही थोडंच.

प्लायाहून साधारण २५ किलोमीटरवर, अर्ध्या तासाच्या आत, सेनोते आसूल, सेनोते क्रिस्तालिनो आणि हार्दिन देल एदेन हे तिघे जवळजवळ शेजारी शेजारी आहेत. तिन्ही उघड्या आकाशाखालची, गुहेतली नव्हेत. लहान मुलं असतील तर आसूल घ्या, तिथे गुडघ्याएवढ्या पाण्याची उथळ कुंडं आहेत आणि मोठ्यांना उडी मारायला एक छोटा कडाही आहे. पोहणं येणाऱ्यांना एदेनचं मोठं, खोल पाणी आवडेल. पाणी बारमाही २४-२५ अंशांचं. ऐकायला उबदार वाटतं, पण वीसेक मिनिटांत दात वाजू लागतात. छोटे मासे पायाची त्वचा टिपतात, चावत नाहीत. खडक शेवाळाने निसरडे असतात, तेव्हा पाण्यातले बूट न्याच.

एक नियम मनापासून पाळावा असा: सेनोतेत सनस्क्रीन लावून उतरू नये. ‘रीफ-सेफ’, म्हणजे प्रवाळाला अपाय न करणारं, असं लिहिलेलंही नाही. युकातान द्वीपकल्पात जमिनीवर नद्या जवळपास नाहीतच. पावसाचं पाणी चुनखडीतून झिरपून खाली जातं आणि जमिनीखालच्या गुहांतून वाहत समुद्राला मिळतं. सेनोते म्हणजे त्या वाहत्या पाण्याला पडलेली खिडकी. इथल्या वस्त्यांचं पाणीही याच भूजलातून येतं. म्हणून आत शिरण्याआधी अंघोळ करायला लावतात, डासांचं मलम धुवून टाकायला सांगतात. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला. मलमापेक्षा तो स्वस्तही पडतो आणि विसरला जात नाही. प्रवेशशुल्क बहुतेक ठिकाणी रोखच घेतात, आणि काही सेनोते आठवड्यातला एखादा दिवस बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा.

इश्पू-हाचा किनारा या सेनोतेंच्या जवळच, पण पलीकडे. पांढरी वाळू, सलग, शांत. फाट्यावरून आत थोडं चालावं लागतं. मेक्सिकोत कायद्याने सगळे किनारे सार्वजनिक आहेत, पण वाळूपर्यंत पोचायची वाट बऱ्याचदा एखाद्या बीच क्लबच्या आवारातून जाते. तिथे प्रवेशशुल्क किंवा ठरावीक रकमेचं खाणं-पिणं घ्यावं लागतं. खुर्चीवर बसण्याआधी ती रक्कम विचारून घ्या, माणशी आहे की कुटुंबाची तेही.

आकुमाल प्लायाहून साधारण ३७ किलोमीटर. माया भाषेत या नावाचा अर्थच कासवांची जागा. उथळ खाडीत समुद्री गवत आहे आणि ते चरायला हिरवी कासवं येतात. वरून पाहिलं तर गवतावर ठेवलेल्या उलट्या परातीसारखी दिसतात, आणि दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला डोकं पाण्याबाहेर काढतात. त्या क्षणी त्यांच्या वर पोहत राहू नका, वाट मोकळी ठेवा. हात लावायला मनाई आहे आणि अंतर राखायचं आहे. आता कासवांच्या भागात मार्गदर्शक आणि लाइफ जॅकेटशिवाय जाता येत नाही. हायवेपासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर बरेच जण गणवेश घालून ‘अधिकृत तिकीट इथेच’ असं सांगतात. पाण्याच्या काठापर्यंत जा, फलक वाचा, मग पैसे द्या.

तुलूमचे माया अवशेष म्हणजे समुद्राच्या कड्यावरचं तटबंदीचं शहर. ते तुलूम गावाच्या आधी, समुद्राच्या बाजूला येतात. व्हॅनमध्ये ‘एन लास रुईनास’ असं सांगा. नुसतं ‘तुलूम’ म्हटलंत तर थेट गावात नेऊन सोडतील. सकाळी ८ ला दार उघडतं आणि साडेदहानंतर सावली नावालाही मिळत नाही, म्हणून इथे सकाळीच जावं. अवशेषांभोवतीचं हाग्वार उद्यान सुरू झाल्यापासून पुरातत्त्व खात्याचं तिकीट आणि उद्यानाचं शुल्क वेगवेगळं भरावं लागतं. दाराजवळच्या कोणत्या खिडकीवर कशाची पावती मिळते ते नीट पाहा. एकाच वेळी सगळं भरलं असं समजून पुढे गेलात तर दुसऱ्या फाटकावरून परत यावं लागतं.

तुलूम गावाबद्दल एक इशारा. नकाशावर ते समुद्राला चिकटलेलं वाटतं, पण गावातून किनारा तीन-चार किलोमीटर दूर आहे आणि कोलेक्तिवो गावातच संपते. तिथून सायकल किंवा टॅक्सी, आणि तुलूमची टॅक्सी प्लायाहून महाग. फक्त किनाराच हवा असेल तर तुलूमपर्यंत येण्याचं कारण नाही, इश्पू-हा पुरे.

कुठे कमी पडते

उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. सीटबेल्ट प्रत्येक जागेला असेलच असं नाही, आणि चालक वेगाने हाकतात. बाळाची सीट बसवायची सोय नाही. दोन वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर ही सेवा घेऊ नये, एडीओची बस घ्यावी. सामानाला जागा नाही: मांडीवर मावेल एवढीच पिशवी. चाकाची खुर्ची किंवा गुडघेदुखी असेल तर मागच्या रांगेत जाणं अवघड आहे, चालकाशेजारची जागा मागून घ्या.

सगळ्यात मोठी अडचण परतीची. दुपारी तीन ते सहा या वेळात रिसॉर्टांची पाळी सुटते. व्हॅन तुलूमहूनच भरून निघतात आणि मधल्या सेनोतेंच्या फाट्यावर उभ्या माणसासमोरून एकामागून एक निघून जातात. चौघांना एकत्र जागा मिळणं तर दूरच. यावर दोन उपाय. एक, मधल्या ठिकाणाहून अडीचच्या आत निघा. दोन, उशीर झालाच तर उलट दिशेने आधी तुलूमला जा आणि जिथून गाडी सुटते तिथूनच बसा. पैसे जास्त जातात, पण बसायला मिळतं. अंधार पडल्यावर हायवेवर उभं राहू नका. डिसेंबरात सहा-सव्वासहाला दिवस मावळतो.

ओले कपडे हाही तक्रारीचा विषय आहे, आणि तक्रार योग्यच आहे. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत सीटवर बसलात तर पुढे बसणारी व्यक्ती कामाच्या गणवेशात असते. कोरडा टीशर्ट-चड्डी बरोबर ठेवा, बदलूनच चढा. वाळू झटका. ओलं सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

भाड्याची गाडी हा पर्याय बरेच जण सुचवतात. इंटरनेटवर ती दिवसाला अगदी थोड्या डॉलरांत दिसते. पण मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि क्रेडिट कार्डाचा विमा सहसा तो भाग धरत नाही. काउंटरवर तो जोडला की आकडा दुप्पट-तिप्पट होतो. तीन-चार ठिकाणं एका दिवसात उरकायची असतील आणि बरोबर आजी-आजोबा असतील तर गाडी घ्या, पण विम्यासकट किंमत लेखी मागूनच. माया रेल्वेचं प्लायाचं स्थानक हायवेच्या पलीकडे, गावापासून दूर आहे. तिथवर टॅक्सी करावी लागते, म्हणून या छोट्या पल्ल्यासाठी ती उपयोगाची नाही.

पोटाचं

कोलेक्तिवोच्या थांब्याजवळ आणि तुलूम गावात साधी खानावळ, म्हणजे फोंदा, सहज सापडते. शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहावं. वाटलेल्या काळ्या घेवड्यात, ज्याला फ्रिहोलेस म्हणतात, बऱ्याचदा डुकराची चरबी असते. मैद्याच्या तोर्तियातही असू शकते. मक्याच्या तोर्तिया सहसा सुरक्षित. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, पण एवढ्यावर थांबू नका, कारण कोंबडी आणि मासे पुष्कळांच्या हिशेबी कार्नेत येत नाहीत. पूर्ण वाक्य असं: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका.’ शेवटचा शब्द चरबीसाठी. उकडलेला मका, त्यावर लिंबू आणि तिखट, हे आपल्या तोंडाला ओळखीचं. मात्र वर मेयोनीज आणि चीज घालतात, नको असेल तर आधी सांगा. हिरव्या-नारिंगी आबानेरो मिरचीची चटणी टेबलावर असते. लवंगी खाणाऱ्यानेही आधी चमच्याच्या टोकाएवढी घ्यावी.

नळाचं पाणी पिऊ नये. दिवसभरासाठी माणशी दीड लिटर बाटलीबंद पाणी प्लायातूनच न्या, हायवेवर फाट्याफाट्यावर दुकान नाही.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते मार्च ही सोयीची वेळ. एप्रिल ते ऑगस्टच्या आसपास सारगासो हे तपकिरी समुद्री शैवाल किनाऱ्यावर येऊन साचतं आणि कुजल्यावर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. २०११ पासून अटलांटिकमध्ये याचा मोठा पट्टा तयार होऊ लागला आणि या किनाऱ्याला त्याचा फटका काही वर्षं फार बसतो. तशा दिवशी समुद्राचा नाद सोडून सेनोतेच धरा, तिथे सारगासो पोचत नाही. किंवा फेरीने समोरच्या कोसुमेल बेटावर जा. बेटाची पश्चिम बाजू सहसा स्वच्छ राहते. जून ते नोव्हेंबर अखेर चक्रीवादळांचा काळ, सर्वात धोक्याचे सप्टेंबर-ऑक्टोबर.

घड्याळाबाबत: हा किनारा ज्यात येतो त्या किंताना रो राज्याची वेळ वर्षभर एकच असते, उन्हाळी बदल नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्कएवढीच, उन्हाळ्यात तासभर मागे. भारत साडेदहा तास पुढे. फोन आपोआप वेळ बदलत नसेल तर परतीच्या विमानाच्या दिवशी हे तपासा.

आणि त्या दिवशी कोलेक्तिवो घेऊ नका. कॅनकूनची व्हॅन विमानतळात शिरत नाही. ती हायवेच्या फाट्यावर सोडते, तिथून टर्मिनल चालत जाण्याइतकं जवळ नाही, आणि बॅगा घेऊन टॅक्सी शोधावी लागते. किंता आव्हेनिदावरच्या स्थानकातून एडीओची थेट बस आहे, ५५ किलोमीटर, साधारण तासाभराची. बॅग बसच्या पोटात टाकताना चिठ्ठीचा अर्धा तुकडा मिळतो, तो उतरताना दाखवल्याशिवाय बॅग देत नाहीत. पासपोर्टमध्येच खोचून ठेवा. बसमधलं वातानुकूलन कडक असतं, एक जाकीट हाताशी ठेवा, बॅगेत नको.

पाचपैकी गुण द्यायचे तर: भाडं आणि गाड्यांची संख्या यासाठी पाच, सुरक्षिततेला तीन, दुपारच्या परतीला दोन.